अर्धा बेडूक, अख्खा अर्चिन

भ्रूणविज्ञानाच्या इतिहासाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच विषयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : विल्हेल्म रू यांनी बेडकाच्या दोनपेशी भ्रूणातली एक पेशी मारली, तर अर्धाच भ्रूण झाला. हान्स ड्रीश यांनी सागरी अर्चिन या गोल, काटेरी समुद्री प्राण्याच्या भ्रूणातल्या दोन पेशी सुट्या केल्या, तर दोन पूर्ण अळ्या झाल्या. पुस्तकात पुढे सरळ ‘ड्रीश बरोबर ठरले’ असं म्हटलंय. मग रू यांचं चुकलं कुठे?

उत्तर : निरीक्षणात त्यांचं काहीच चुकलं नाही. अर्धा भ्रूण खरोखरच झाला होता. गोम होती मेलेल्या पेशीत.

रू यांनी आधी गार सुई वापरून पाहिली. टोचलेल्या अंड्यांतून थोडा ऐवज बाहेर यायचा, पण बहुतेक अंडी पुढे नीट वाढायची. म्हणजे पेशी मरतच नव्हती. मग त्यांनी तापवलेल्या पितळी गोळ्याला सुई टेकवून ती गरम ठेवायला सुरुवात केली. आता टोचलेली पेशी मरायची, शेजारची जगायची आणि तिच्यापासून शरीराची डावी किंवा उजवी बाजू तेवढी तयार व्हायची. हे काम १८८८ साली छापून आलं. रू यांनी त्यावरून अर्थ काढला तो असा : पहिल्या विभाजनातच शरीराची वाटणी होते आणि प्रत्येक पेशी आपल्या वाट्याचं तेवढंच घडवते.

पण मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटून जागेवरच राहिली होती. बेडकाच्या अंड्यात जड बलक खाली आणि हलका भाग वर असतो. शेजारी मेलेला गोळा तसाच असला की जिवंत पेशीतली ही मांडणी अख्ख्या अंड्यात होती तशीच राहते. १८९५ साली टी. एच. मॉर्गन यांनी हाच प्रयोग केला, पण पेशी मारल्यावर अंडं उलटं करून ठेवलं. आतला ऐवज घसरला, मांडणी बदलली आणि रू यांच्या हाती अर्धाच भ्रूण देणाऱ्या पेशीपासून मॉर्गन यांना पूर्ण भ्रूण मिळू शकला. १९१०मध्ये मॅकक्लेंडन यांनी बारीक नळीने एक पेशी शोषून काढूनच टाकली. उरलेल्या एकटीने पूर्ण भ्रूण घडवला.

ड्रीश यांचा प्रयोग दिसायला धसमुसळा होता. १८९१ साली त्यांनी अर्चिनची पन्नास-शंभर दोनपेशी अंडी जेमतेम ४ सेंमी लांबीच्या अरुंद काचनळीत थोड्या समुद्राच्या पाण्यात घेतली आणि नळी पाच मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ जोरजोरात हलवली. दोन्ही पेशी गोलसर आणि एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात तेव्हाच हे साधतं. नंतर त्या चपट्या होऊन घट्ट बिलगतात. इतकं करून दहाएक सुट्या जिवंत पेशी हाती यायच्या, आणि जवळपास तेवढ्याच मेलेल्या. सुटी पेशी संध्याकाळपर्यंत अर्ध्या अंड्यासारखीच विभागत जायची आणि तिचा एका बाजूने उघडा, वाटीसारखा गोळा व्हायचा. इथवर रूच खरे वाटत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उघडी बाजू मिटलेली असायची आणि आकाराने लहान पण पूर्ण भ्रूण पाण्यात पोहत असायचा. पुढे १९०० साली कुर्ट हर्ब्स्ट यांनी दाखवलं की कॅल्शियम नसलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवलं की पेशी आपोआप सुट्या होतात, कारण त्यांना एकमेकींशी धरून ठेवायला कॅल्शियम लागतं. तेव्हापासून नळी हलवण्याची गरज राहिली नाही.

तरीही ‘ड्रीश बरोबर ठरले’ हे वाक्य पुस्तकातून काढून टाकावं, असं आमचं मत आहे. टेनोफोर या जेलीसारख्या सागरी प्राण्याला केसलांच्या, म्हणजे हलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या, आठ रांगा असतात. त्याच्या दोनपेशी भ्रूणातल्या पेशी सुट्या केल्या तर प्रत्येकीला चारच रांगा येतात, आणि इथे तर मेलेली पेशी चिकटलेलीही नसते. शिवाय बेडूक आणि न्यूट (शेपटीचा उभयचर) यांच्यातही कुठलीही अर्धी बाजू चालत नाही. फलनानंतर अंड्यावर एक करडी चंद्रकोर उमटते. तिचा वाटा मिळालेल्या अर्ध्या भागाचाच पूर्ण भ्रूण होतो, दुसऱ्याचा नुसता पोटाच्या पेशींचा गोळा. अंडं कुठल्या प्राण्याचं आणि चीर कुठून गेली, हे सांगितल्याशिवाय या वादाचं उत्तर देताच येत नाही.

प्रश्न : हान्स श्पेमान आणि त्यांच्या विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांचा, एका भ्रूणाचा तुकडा दुसऱ्या भ्रूणात बसवण्याचा १९२४चा प्रसिद्ध प्रयोग प्रत्यक्षात कसा केला होता? आणि भ्रूणाला दुसरी पाठ आणणारा तो पदार्थ सापडायला १९९०चं दशक का उजाडलं?

उत्तर : प्रयोग झाला तो न्यूट या सॅलॅमँडरच्या कुळातल्या उभयचरावर. त्याची अंडी मिळतात वसंतात, त्यामुळे श्पेमान यांच्या जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या प्रयोगशाळेत प्रयोगाला वर्षातले थोडेच आठवडे हाती असायचे. हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूटच्या दोन जाती घेतल्या. एकीची अंडी जवळजवळ पांढरी, दुसरीची तपकिरी रंगद्रव्याची. प्रयोगाचं खरं मर्म या निवडीत आहे. पांढऱ्या भ्रूणाचा तुकडा तपकिरी भ्रूणात लावला की पुढे भ्रूणाचे पातळ काप काढून पाहताना कुठली पेशी कुणाची हे रंगावरून कळतं. दोन्ही एकाच रंगाचे असते तर नवा अवयव तुकड्यापासून झाला की यजमानाच्या पेशींपासून, हे सांगणं अशक्य होतं.

अंडं दीड-दोन मिलिमीटरचं. आधी त्यावरचं जेलीचं वेष्टन आणि मग आतला पारदर्शक पापुद्रा टोकदार चिमट्याने सोलायचा. हा पापुद्रा निघाला की भ्रूण स्वतःच्या वजनाने पसरतो, म्हणून बशीच्या तळाला मेण ओतून त्यात त्याला बसायला खळगे करायचे. कापायला ज्योतीवर ओढून केसासारखी बारीक केलेली काचेची सुई, आणि तुकडा ढकलायला काचनळीच्या टोकाला बसवलेला तान्ह्या बाळाच्या केसाचा फासा. मोठ्या माणसाचा केस जाड आणि ताठ असतो, त्याने भ्रूण फाटतो. भ्रूणाच्या पेशी आत वळायला लागतात तिथे एक खाच दिसते. तिच्या वरच्या कडेचा, म्हणजे ‘ओठा’चा, तुकडा पांढऱ्या भ्रूणातून कापायचा आणि त्याच वयाच्या तपकिरी भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला तेवढंच भोक पाडून त्यात बसवायचा. वर काचेचा छोटा वाकवलेला तुकडा ठेवून दाब द्यायचा. जखम भरली की काच काढायची. उशीर केला तर खालच्या पेशी चेंगरतात.

इथपर्यंत सरावाने जमतं. अडचण पुढे होती. वेष्टन निघालेला भ्रूण जंतूंना उघडा, आणि त्या काळी अँटिबायोटिक नव्हतं. साध्या पाण्यात कापलेल्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. शेकडो भ्रूणांवर शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक मेले, आणि शोधनिबंधात सविस्तर वर्णन आलं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच भ्रूणांचं. त्यांच्या पोटाच्या बाजूला दुसरा भ्रूण उगवला होता. त्याचा पृष्ठरज्जू (पाठीतला आधाराचा दांडा) पांढऱ्या तुकड्याचा, पण मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होतात ती नळी) जवळजवळ पूर्णपणे तपकिरी यजमानाची होती. ज्या पेशी एरवी पोटाची कातडी झाल्या असत्या, त्यांना शेजाऱ्याने मज्जासंस्था व्हायला लावलं होतं. निबंध १९२४ साली आला. त्याच वर्षी घरातल्या एका अपघातात भाजून हिल्डे मांगोल्ड वारल्या. वय पंचवीस. श्पेमान यांना नोबेल मिळालं १९३५ साली.

भ्रूण जगवण्याचा प्रश्न १९३१मध्ये योहानेस होल्टफ्रेटर यांनी सोडवला : निर्जंतुक भांडी आणि क्षारांचं द्रावण. एक लिटर पाण्यात साधारण ३.५ ग्रॅम मीठ, ०.०५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, ०.१ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि ०.२ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट. उभयचरांच्या भ्रूणांसाठी हे द्रावण अजून वापरात आहे. करताना सोडियम बायकार्बोनेट वेगळं निर्जंतुक करून शेवटी घालतात. कॅल्शियमबरोबर तापवलं तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका खाली बसतो आणि द्रावणात कॅल्शियम उरत नाही. आणि कॅल्शियम नसलं की काय होतं, ते वर हर्ब्स्ट यांच्या प्रयोगात आलंच आहे.

आता पदार्थाचा शोध. १९३२मध्ये दिसलं की मारलेला ओठही काम करतो. तेव्हा हे रसायन आहे हे नक्की झालं आणि शोधाची झुंबड उडाली. पण हाती आलं ते भलतंच. इतर प्राण्यांच्या ऊतींचे तुकडे चालायचे, अनेक रसायनं चालायची, इतकंच काय, मेथिलीन ब्लू हा रंगसुद्धा चालायचा. १९४०च्या दशकात होल्टफ्रेटर यांनी दाखवलं की आम्ल किंवा अल्कलीचा थोडा वेळ झटका दिला तरी न्यूटच्या कातडीच्या पेशी मज्जापेशी होतात, बाहेरून काही लावावंच लागत नाही. ज्या कसोटीवर सगळंच उत्तीर्ण होतं, ती कसोटी काय कामाची? अनेकांनी हा विषय सोडून दिला.

कारण पुढे कळलं. या पेशींचा कल मुळात मज्जासंस्थेकडेच असतो. शेजारच्या पेशींकडून येणारा बीएमपी नावाचा प्रथिन-संदेश त्यांना कातडीकडे वळवतो. ओठातून निघणारे पदार्थ हा संदेश अडवतात. म्हणजे सगळे जण ‘हो’ म्हणणारा पदार्थ शोधत होते आणि खरा पदार्थ होता ‘नाही’ला गप्प करणारा. न्यूटच्या पेशी इतक्या काठावर असतात की कुठल्याही धक्क्याने मज्जापेशींकडे झुकतात. आफ्रिकन बेडूक झेनोपसच्या पेशी त्या मानाने स्थिर. म्हणून झेनोपसवर जनुकं घालून पाहता आल्यावर उत्तरं आली : १९९२ साली नॉगिन, १९९४ साली कॉर्डिन. कमी पडली होती ती हुशारी नव्हे. साठ वर्षं चुकीच्या प्राण्यावर गेली, असं आम्ही म्हणू.

प्रश्न : कोंबडीच्या अंड्यात हृदय कधी धडधडायला लागतं? अ‍ॅरिस्टॉटल तिसरा दिवस म्हणतो, आमच्या प्रयोगवहीत ३३ तास लिहिलंय. शाळेत दाखवायचं तर अंडं कसं उघडावं?

उत्तर : दोन्ही आपापल्या जागी बरोबर. अ‍ॅरिस्टॉटलकडे नुसते डोळे होते. तीन दिवसांनंतर रक्ताचा उडणारा लाल ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली ३३ ते ३६ तासांच्या सुमाराला पहिली, अनियमित थरथर दिसते. तेव्हा रक्त लाल नसतं आणि फिरतही नसतं. अभिसरण दिसायला दोन दिवस लागतात.

तासांवर फार विसंबू नका. अंडं घातलं जातं तेव्हाच त्यात हजारो पेशी झालेल्या असतात, आणि २० अंशांच्या वर ते हळूहळू वाढत राहतं. १६७०च्या दशकात मालपिगी यांनी न उबवलेल्या अंड्यात भ्रूणाची बाह्यरेखा पाहिली आणि भ्रूण आधीपासूनच घडलेला असतो, या मताला त्यामुळे बळ मिळालं. पण ते अंडं ऐन उन्हाळ्यातलं होतं, उबेत आधीच वाढलेलं. म्हणूनच १९५१ साली हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी २१ दिवसांचे ४६ टप्पे केले ते भ्रूणावर काय दिसतं यावरून. सुरुवातीच्या टप्प्यांत सोमाइटच्या, म्हणजे पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या पेशींच्या ठोकळ्यांच्या, जोड्या मोजा. दहा जोड्या म्हणजे दहावा टप्पा, मग घड्याळात ३३ असोत की ३८.

फलित अंडीच लागतात, खायला मिळणारी बहुधा फलित नसतात. आणल्यावर १२ ते १५ अंशांवर ठेवा, आठवड्याच्या आत वापरा. अंडं आडवं ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि ३८ अंशांवर, यंत्रात पाण्याची बशी ठेवून, ३६ ते ४८ तास उबवा. आडवं अशासाठी की भ्रूण बलकाच्या वरच्या अंगाला तरंगून येतो आणि तुमच्या खुणेखाली सापडतो. बाहेर काढल्यावर कवच ७० टक्के अल्कोहोलने पुसा. बोथट टोकाला छोटं भोक पाडून १८ गेजची सुई कवचाच्या आतल्या बाजूने खाली रोखून घाला आणि २-३ मिली पांढरं ओढून घ्या. ही पायरी वगळली तर हमखास घोटाळा होतो : भ्रूण कवचाला टेकलेला असतो आणि खिडकी कापताना कात्रीखाली येतो. सुई आडवी गेली तर बलक फुटतो. सिरिंजमध्ये पिवळं दिसलं की ते अंडं बाजूला ठेवून दुसरं घ्या. मग भोकावर चिकटपट्टी लावा, वर खुणेवरही लावा म्हणजे कवचाचा चुरा आत पडणार नाही, आणि वाकड्या टोकाच्या कात्रीने २ सेंमीची खिडकी कापा. कात्रीचं टोक सतत कवचाला लागून वर रोखलेलं हवं.

इतकं करूनही पहिल्यांदा पाहणाऱ्याला बहुधा काहीच दिसत नाही. दीड दिवसाचा भ्रूण जवळजवळ पारदर्शक असतो. दहापट पातळ केलेली काळी शाई बारीक सुईने भ्रूणाच्या चकतीखाली सोडली की काळ्या पार्श्वभूमीवर तो उठून दिसतो. लाखेची शाई नको, भ्रूण मरतो. वर ०.७२ टक्के मिठाच्या कोमट पाण्याचे थेंब टाकत राहा. सुकला किंवा गार झाला की ठोके मंदावतात आणि मुलांना वाटतं आपलंच अंडं बिघडलं. डोकं कुठे शोधायचं? बोथट टोक डाव्या हाताला ठेवा. डोकं बहुतेक वेळा तुमच्यापासून लांबच्या बाजूला असतं. हा ठोकताळा कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांच्या नावाने ओळखला जातो.

प्रश्न : जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलची, वेगवेगळ्या प्राण्यांचे भ्रूण सारखे दाखवणारी चित्रं खोटी होती असं वाचलं. मग सगळ्या पृष्ठवंशीयांचे भ्रूण सारखे दिसतात हेही खोटं का?

उत्तर : चित्रांवरचे आक्षेप खरे आहेत. १८६८च्या पुस्तकात हेकेल यांनी कुत्रा, कोंबडी आणि कासव यांच्या भ्रूणांसाठी एकच ठसा तीनदा छापला. बाझेलच्या रूटिमायर यांनी ते लगेच पकडलं आणि पुढच्या आवृत्तीत हेकेल यांना दुरुस्ती करावी लागली. १८७४च्या प्रसिद्ध तक्त्यातही आकारांतले फरक पुसले आहेत, काही अवयव गाळले आहेत. विल्हेल्म हिस यांनी तेव्हाच टीका केली होती. १९९७ साली रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या भ्रूणांची छायाचित्रं शेजारी ठेवल्यावर फरक किती आहे ते सगळ्यांनाच दिसलं.

पण साम्याचा मुद्दा हेकेलचा नव्हेच. तो फॉन बेअर यांनी १८२८ साली मांडला, आणि फार जपून : गटाची सामान्य लक्षणं आधी दिसतात, विशेष लक्षणं नंतर. माशाचा भ्रूण आणि माणसाचा भ्रूण काही काळ एकमेकांसारखे असतात, पण माणूस कधी ‘मासा होऊन’ पुढे जात नाही. माणूस असा ‘मासा होऊन’ पुढे जातो, असं म्हटलं ते हेकेलने. पृष्ठरज्जू, सोमाइट, घशाजवळच्या कमानी हे साम्य आजही खरं आहे. त्याआधीच्या अवस्थांत मात्र भ्रूण बरेच वेगळे असतात, हे तक्त्यात नव्हतंच.

प्रश्न : सशाची अंडी शरीराबाहेर १९३०च्या दशकातच हाताळली जात होती. मग टेस्ट ट्यूब बेबीला १९७८ का उजाडलं?

उत्तर : मुख्य अडचण होती वेळेची. सशाच्या अंड्यांवर काम करणारे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांनी १९३०च्या दशकात म्हटलं होतं की माणसाची अंडपेशी शरीराबाहेर साधारण १२ तासांत पक्व होते. ब्रिटिश संशोधक रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १२ तासांनी पाहिलं, काही नाही. वेळ वाढवत नेल्यावर २५ तासांच्या सुमाराला केंद्रकात हालचाल दिसली आणि पक्वता ३६-३७ तासांनी. हे १९६५ साली प्रसिद्ध झालं. त्याआधीच्या प्रयोगांत कच्च्या अंडपेशींत शुक्रपेशी सोडल्या जात होत्या.

दुसरी अडचण शुक्रपेशींची. १९५१ साली चँग आणि ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की ताज्या शुक्रपेशी अंडपेशीत शिरूच शकत नाहीत, मादीच्या शरीरात काही तास काढल्यावरच त्यांना ती क्षमता येते. ती बशीत आणायला योग्य द्रावण लागतं. बॅरी बॅव्हिस्टर यांनी हॅमस्टरसाठी बनवलेलं, किंचित अल्कधर्मी द्रावण माणसाला लागू पडलं आणि १९६९ साली फलन झालं. तिथून पुढची नऊ वर्षं गर्भ रुजवण्यात गेली. अंडी जास्त मिळावीत म्हणून दिलेल्या संप्रेरकांनी मासिक चक्राची घडी विस्कटायची. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो, एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी यांनी संप्रेरकं बाजूला ठेवली, मूत्र तपासून नैसर्गिक चक्रातला क्षण पकडला आणि एकच अंडपेशी घेतली. लुईझ ब्राउनचा जन्म २५ जुलै १९७८चा.

प्रश्न : वनस्पतींचं भ्रूणविज्ञान या इतिहासात कुठे बसतं?

उत्तर : वेगळी जागा द्यावी इतकं मोठं आहे, इथे थोडक्यात. १८९८ साली नवाशिन यांनी दुहेरी फलन शोधलं : एक शुक्रपेशी अंडपेशीशी, दुसरी मधल्या केंद्रकांशी, आणि त्या दुसऱ्या मिलनातून बियांतलं अन्न. विसाव्या शतकात या विषयाचं एक मोठं केंद्र दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांनी उभं केलं. तिथे १९६२मध्ये अफूच्या बीजांडांचं फलन परीक्षानळीत झालं. १९६४ साली शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांना धोतऱ्याच्या परागकोशातून थेट भ्रूण मिळाले, तेही गुणसूत्रांचा एकच संच असलेले. शुद्ध वाण काढायला पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागण करावं लागतं. अशा रोपाचा संच दुप्पट केला की ते एका झटक्यात होतं, म्हणून पीक सुधारणेत ही पद्धत लगेच उचलली गेली.

वर्गात दाखवायला मोहरीच्या कुळातली कोवळी शेंग पुरते. बीजांडं काढून ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये काही मिनिटं ठेवा, काचपट्टीवर घेऊन आच्छादक काच ठेवा आणि सुईच्या मागच्या टोकाने हलकेच टिचका मारा. बीजांड फुटून भ्रूण अख्खा बाहेर येतो. एकाच फांदीवर वरच्या शेंगांत गोल भ्रूण, त्याखाली हृदयाच्या आकाराचे, आणि सगळ्यांत खालच्या शेंगांत वाकलेले.